किती हिवाळे झाले? आर्क्टिकमधलं वय आणि वर्षांचा हिशेब

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

फ्रान्झ बोआस १८८३-८४ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावर, कंबरलँड साउंडच्या किनाऱ्यावर राहिला होता. पुढे तो मोठा मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजला, पण तेव्हा पंचविशीतला तरुण होता. तिथल्या इन्युइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवासी लोकांच्या कालगणनेबद्दल त्याने एक छोटा परिच्छेद लिहून ठेवलाय. त्यात दोन गोष्टी अगदी शेजारीशेजारी येतात. एक, हे लोक चंद्राच्या कलेवरून महिन्यातला दिवस अतिशय अचूक सांगतात. दोन, वर्षं मात्र ते दोनच्या पलीकडे मोजत नाहीत, ना मागे ना पुढे.

हे वाचल्यापासून मी याच विषयाच्या मागे लागलोय. आज कुठली तिथी हे जो चूक न करता सांगू शकतो, त्याला आपल्या जन्माला किती वर्षं झाली हे मोजायची गरज का वाटू नये? आळस, अडाणीपणा, 'साधे लोक' अशी उत्तरं त्या काळच्या बऱ्याच गोऱ्या प्रवाशांनी देऊन टाकली. मला ती मुळीच पटत नाहीत. म्हणून जे वाचलं ते इथे सविस्तर मांडतो.

आधी वर्ष. कॅनडातलं इग्लूलिक हे गाव ६९ अंश उत्तरेला आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य मावळतो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. तिथल्या वृद्धांकडून चंद्रमहिन्यांची नावं नोंदवली गेली आहेत. सूर्य परत येतो तो सिकिन्नारुत. सूर्य वर चढू लागतो तो कांगात्तासान. अवुन्नीत म्हणजे अकाली जन्मलेली सीलची पिल्लं थंडीने मरतात तो महिना. मग नात्तिआन, सीलच्या पिल्लांचा. तिरिग्लुइत दाढीवाल्या सीलच्या पिल्लांचा, नुर्राइत कॅरिबूच्या (तिकडचं रानटी रेनडिअर) पाडसांचा, मान्नीत पक्ष्यांच्या अंड्यांचा. त्यानंतर कॅरिबूचे केस झडतात तो महिना, केस पुन्हा दाट होतात तो, आणि त्याच्या शिंगांवरची मखमली कातडी गळून पडते तो. हिवाळा लागतो त्याचा एक वेगळा. आणि मग येतो तुसार्तूत, माझा सगळ्यात आवडता. समुद्र गोठतो, कुत्र्यांची गाडी चालू लागते, दूरच्या मुक्कामांवरची माणसं एकमेकांकडे जाऊ शकतात आणि कित्येक महिन्यांनी कोण गेलं, कोण जन्मलं हे कळतं. ऐकण्याचा महिना! शेवटचा ताउविग्जुआक, महाअंधाराचा.

कॅरिबूच्या केसांवर महिना ठरतो यात काव्य शोधू नका. कातडं कपड्यासाठी कधी चांगलं हा तिथे जगण्यामरण्याचा प्रश्न. केस विरळ असताना मारलेल्या जनावराच्या कातड्याचा अंगरखा हिवाळ्यात उपयोगाचा नाही, आणि फार दाट झाले की तो जड होतो.

वर्ष कुठे वळतं हे आकाशात दिसायचं. डिसेंबरच्या मध्याला पहाटेच्या उजेडात दोन तारे पहिल्यांदा दिसू लागतात, त्यांना आग्जूक म्हणतात. आपल्याकडचं श्रवण नक्षत्र ज्या ताऱ्यांचं, त्यातलेच हे दोघे, गरुड तारकासमूहातले. ते दिसले की अंधाराचा मध्य आला. मग काही आठवड्यांनी सूर्याची कड दिसली की इग्लूलिकला मुलं घरोघर धावत जाऊन चरबीचे दिवे विझवायची आणि ते पुन्हा नव्या ज्योतीने पेटवले जायचे. सूर्याकडे पाहून हसायचं ते अर्ध्याच चेहऱ्याने, कारण उजेड आला तरी कडाक्याची थंडी अजून पुढे आहे.

आता वय. वर्ष इतकं नीट माहीत असूनही त्यांची बेरीज कुणी ठेवत नव्हतं. तिथे वय सांगायचे दोन मार्ग होते. पहिला, कोण कोणाच्या आधी. इन्युइट भाषेत आपल्याच लिंगाच्या मोठ्या भावंडाला वेगळा शब्द आहे आणि धाकट्याला वेगळा, म्हणजे नातं उच्चारलं की क्रम सांगून झाला. दुसरा, माणूस काय करू शकतो. मुलाने पहिला सील मारला, मुलगी पुरी वाढली आणि तिच्या चेहऱ्यावर गोंदण झालं, म्हातारा शिकारीला जायचा थांबला, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडायचं. मुक्कामातल्या कुणाचाही क्रम कुणालाही विचारा, चुकणार नाही. फक्त आकडा नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही कालगणना पूर्ण होती, तिच्यात काही कमी नव्हतं. वयाचा आकडा बाहेरून आला, तोही ज्यांना त्या आकड्याचं काम होतं त्यांच्यामुळे. यावर बोलूया.

---

गणितवेडा

धागा फार आवडला. पण एक शंका. तुम्ही दिलेले महिने मी मोजले, तेरा भरतात. तेरा चांद्रमास म्हणजे ३८४ दिवस. सौर वर्ष ३६५ चं. दर वर्षी १९ दिवस पुढे पळणार, मग अंड्यांचा महिना अंड्यांना कसा गाठणार? आपल्याकडे बारा महिने ३५४ दिवसांचे, म्हणून अधिक मास घालावा लागतो. इथे उलट, महिना काढून टाकावा लागेल. आणि तोही बऱ्याचदा. १९ वर्षांत २३५ चांद्रमास येतात, म्हणजे तेरा महिन्यांची वर्षं फक्त सात आणि बारा महिन्यांची बारा. यांच्यात हे कोण ठरवत होतं?

---

ध्रुवमत्स्य

हाच प्रश्न हवा होता. बोआसने लिहिलंय की दर काही वर्षांनी 'सूर्य नसलेला' महिना गाळतात, जेव्हा अमावास्येनंतरचा नवा चंद्र आणि दक्षिणायनाचा अंत एकत्र येतात तेव्हा. तुमच्या हिशेबाने 'दर काही वर्षांनी' हे कमी पडतं, बरोबर. पण त्याच वाक्यात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे: हा महिना ठराविक लांबीचा नाहीच. सूर्य उगवत नाही तो सगळा काळ त्या एका नावाखाली जातो.

म्हणजे गणित करायला कुणी बसतच नव्हतं. सूर्य परत आला की पहिला महिना सुरू. तिथून पुढचे चंद्र एकेक करून प्राण्यांना बांधलेले. सगळी जास्तीची शिल्लक अंधारात जिरते. दर वर्षी सूर्य स्वतःच घड्याळ लावून देतो, मग मागच्या वर्षाची चूक पुढे सरकत नाही. आपल्या पंचांगाला शंभर वर्षांनंतरची तिथी आधी काढून ठेवायची असते, म्हणून नियम लागतो. त्यांना ती काढायचीच नव्हती.

मला वाटतं बोआसच्या 'दोन वर्षांपलीकडे नाही' या वाक्याचं मूळही इथेच आहे. जी गणना दर वर्षी नव्याने सुरू होते तिला मागची वर्षं साठवायची सोय नसते.

---

ट्रोम्सोकर

मी नॉर्वेत राहतो, म्हणून इथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवासी सामी लोकांबद्दल थोडं लिहितो. त्यांची गोष्ट इन्युइटांपेक्षा वेगळी आहे. चर्चची नोंदवही त्यांच्यापर्यंत फार आधी पोचली, त्यामुळे जन्माचं साल बरंच आधीपासून कागदावर येत गेलं. रेनडिअरच्या शिंगावर आणि हाडावर कोरलेली त्यांची पंचांगं संग्रहालयांत आहेत, त्यांत चर्चचे सणवार आहेत.

पण जुना हिशेब महिन्यांच्या नावात टिकलाय. मे म्हणजे मिएस्सेमान्नू, रेनडिअरच्या वासरांचा. मार्च हंसांचा. एप्रिल बर्फावर कडक साय धरते तिचा. ऑगस्ट केस बदलण्याचा. ऋतू आठ धरतात: आपण ज्याला वसंत म्हणू त्याच्या अलीकडे हिवाळी-वसंत, पलीकडे उन्हाळी-वसंत, असे मधले चार.

वयाचा विषय निघालाय तर हे खास सांगायचंय. उत्तर सामी भाषेत नर रेनडिअरला दर वर्षाचं वेगळं नाव आहे. पहिल्या वर्षाचं वासरू मिएस्सी, मग चेअर्प्मात, वारित, वुओबिर्स, गोद्दोदास, गोआसोहास, माह्कान. त्यापुढे जो जगला तो नाम्मालाह्पात, म्हणजे ज्याचं नाव हरवलं तो. नावं संपली! त्यापुढे वय सांगायची गरज उरत नाही, तो म्हातारा नर आहे एवढं पुरे. कळपात उभं राहून लांबून शिंगं आणि अंगलट बघून लोक ही नावं सांगतात. मादीची नावं वर्षापेक्षा विण्यावर चालतात, व्यालेली वेगळी, भाकड वेगळी.

---

सुमतीकाकू

ध्रुवमत्स्य, फार मनापासून लिहिलंय तुम्ही. माझ्या सासूबाईंची जन्मतारीख १ जून. त्यांच्या धाकट्या बहिणीची १ जून, आणि आमच्या गावातल्या त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची १ जूनच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती तारीख. घरात मात्र कोण कोणापेक्षा किती पावसाळ्यांनी मोठं हे सासूबाईंना पक्कं ठाऊक. तुमच्या त्या लोकांना असा कोणता गुरुजी भेटला?

आणि बाळंतपणाचं काय? सुईण लक्षात ठेवत असेल ना कोण कधी झालं?

---

ध्रुवमत्स्य

काकू, सुईणीचं नातं तर तिथे जन्मभराचं. नुनाविकमध्ये, म्हणजे उत्तर क्वेबेकमध्ये, मुलाने पहिल्यांदा मारलेली शिकार त्याला जन्माला घालणाऱ्या सुईणीला दिली जाते. मुलगी पहिल्यांदा काही शिवते तेही तिच्याकडे जातं. म्हणजे मूल मोठं होत चाललंय याची पावती तिच्या हातात पडते. तारखेच्या वहीपेक्षा हे मला जास्त पक्कं वाटतं.

नावाचीही एक गंमत आहे. नुकत्याच वारलेल्या माणसाचं नाव बाळाला देतात आणि त्या नावाबरोबर त्याची नातीही येतात. आई आपल्या तान्ह्या मुलाला 'बाबा' म्हणू शकते, कारण तिच्या वडिलांचं नाव त्याला दिलंय, आणि हे लाडाने नव्हे तर खरोखरीच्या मानाने. अशा ठिकाणी 'या बाळाचं वय काय' या प्रश्नाला एकच उत्तर कसं असेल?

तुमच्या गुरुजींच्या जागी तिथे आधी पाद्री आले. ग्रीनलँडला हान्स एगेडे १७२१ मध्ये पोचला, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लाब्राडोरला नेन इथे मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाचं मिशन १७७१ मध्ये. त्यांनी बाप्तिस्म्याची वही ठेवली. बॅफिन बेटावर एडमंड पेक १८९४ मध्ये ब्लॅकलेड बेटावर आला. ख्रिस्ती झालेल्यांना सगळ्यात आधी वर्ष नव्हे तर रविवार हवा होता, कारण त्या दिवशी शिकार करायची नाही. मग भोकं पाडलेल्या लाकडी किंवा हाडाच्या फळ्या आल्या, रोज एक खुंटी पुढच्या भोकात सरकवायची. आठवडा ही आर्क्टिकमध्ये पूर्णपणे बाहेरून आलेली वस्तू आहे. चंद्र दिसतो, सूर्य दिसतो, सील दिसतो. रविवार कुठेच दिसत नाही, तो मोजावाच लागतो.

आणि मग सरकार. कॅनडाने १९४१ पासून प्रत्येक इन्युइट माणसाला एक नंबर दिला. नाण्याएवढी चकती, तिला भोक, गळ्यात अडकवायची. पूर्वेकडच्यांचा नंबर इंग्रजी 'ई' अक्षराने सुरू व्हायचा, पश्चिमेकडच्यांचा 'डब्ल्यू'ने. १९४५ मध्ये मुलांसाठीचा कुटुंबभत्ता सुरू झाला तो सोळा वर्षांखालच्यांना. १९५२ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना सार्वत्रिक पेन्शन. म्हणजे मूल सोळाचं आहे का आणि म्हातारा सत्तरचा आहे का हे प्रश्न एकदम पैशाचे झाले. 'अमक्या जहाजाच्या वर्षी', 'अमक्या मुक्कामावर, सीलच्या पिल्लांच्या दिवसांत' असं कुणी सांगायचं आणि समोरचा अधिकारी त्यावरून साल टाकायचा. नंबर जाऊन आडनावं आली ती १९६८ ते १९७१ च्या मोहिमेत, ती अब्राहम ऑक्पिक या इन्युइट गृहस्थांनी गावोगाव फिरून राबवली.

माझा राग आहे तो इथे. ज्यांना कुणाचंही वय क्रमाने बिनचूक माहीत होतं, त्यांनाच कचेरीने 'याला आपलं वय माहीत नाही' असं म्हणावं.

---

शंकासूर

धागा वाचनीय आहे, पण तुम्ही सगळंच उदात्त करताय असं वाटतं. मी वाचलंय की या लोकांचे आकडे वीसच्या आसपास संपायचे. मोजताच येत नसेल तर वय मोजणार कसं? गरज नव्हती म्हणण्यापेक्षा साधन नव्हतं असं का म्हणू नये?

---

ध्रुवमत्स्य

शंका रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. इन्युइट आणि युपिक भाषांत गणना वीसच्या पायावर आहे. पाच म्हणजे एक हात, वीस म्हणजे हातापायांची सगळी बोटं, एक अख्खा माणूस. वीसला आकडे संपत नाहीत, तिथे एक गठ्ठा पूर्ण होतो. चाळीस म्हणजे दोन गठ्ठे. आपण दहावर थांबून पुन्हा 'अकरा' सुरू करतो तसंच. १९९४ मध्ये अलास्कातल्या काक्तोविक गावच्या शाळकरी मुलांनी याच पद्धतीसाठी स्वतःची अंकचिन्हं तयार केली. त्यांत पाचाच्या गटांसाठी वरच्या रेघा आणि सुट्यांसाठी खालच्या, त्यामुळे बेरीज वजाबाकी नुसती बघून करता येते. २०२२ मध्ये ती चिन्हं युनिकोडमध्ये आली. मुलांनी नवा पाया शोधला नाही, भाषेत जो होता तोच लिहिला.

तेव्हा साधन होतं. ऐंशी हिवाळे सांगायला चार माणसं पुरली असती. कुणी ते वर्षांना लावत नव्हतं इतकंच.

---

खारेवारे

वर्षं मोजत नव्हते, मग दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या गोष्टी कशा लक्षात राहायच्या? की राहतच नव्हत्या?

---

ध्रुवमत्स्य

राहत होत्या, आणि कशा! मार्टिन फ्रॉबिशर हा इंग्रज दर्यावर्दी १५७६, १५७७ आणि १५७८ अशी सलग तीन वर्षं बॅफिन बेटावर आला. पहिल्या दोन खेपांना मोजकी जहाजं, तिसऱ्या खेपेला पंधरा. पहिल्या वर्षी त्याचे पाच खलाशी किनाऱ्यावर गेले आणि परतलेच नाहीत. पुढे इंग्लंडमध्येही ती जागा नक्की कुठली हे विसरलं गेलं.

१८६१-६२ मध्ये चार्ल्स फ्रान्सिस हॉल नावाचा अमेरिकन तिथे पोचला. ऊकिजॉक्सी निनू नावाच्या फार वृद्ध बाईने त्याला सांगितलं की फार फार पूर्वी गोरे लोक आले होते, आधी थोडी जहाजं, मग पुन्हा थोडी, मग पुष्कळ. पाच गोरे मागे राहिले, त्यांनी नाव बांधली आणि निघायचा प्रयत्न केला. हॉल तिने सांगितलेल्या बेटावर गेला तर फ्रॉबिशरच्या वेळचे खाणीचे खड्डे आणि दगडी कोळसा सापडला. जवळजवळ तीनशे वर्षं! 'किती वर्षांपूर्वी' याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. खेपा किती, कोणत्या क्रमाने, माणसं किती, हे सगळं होतं. मूळ धाग्यात मी जो क्रम म्हणतोय तो हाच.

हॉल नंतर पुन्हा उत्तरेत गेला, १८६० च्या दशकात, तेव्हा त्याला असे वृद्ध भेटले ज्यांनी पॅरी या इंग्रज दर्यावर्दीची जहाजं प्रत्यक्ष पाहिली होती. पॅरीने इग्लूलिकला १८२२-२३ चा हिवाळा काढला होता. त्यावरून त्या वृद्धांचं वय निदान कागदावर बांधता येतं.

दुःखाच्या खुणाही आहेत. बेरिंग समुद्रातल्या सेंट लॉरेन्स बेटावर १८७८ ते १८८० मध्ये भीषण उपासमार झाली, गावंच्या गावं ओस पडली. १९१८ च्या फ्लूने अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन नावाच्या गावात ८० पैकी ७२ माणसं पाच दिवसांत नेली. अशा ठिकाणी जन्म 'त्याच्या आधीचा' की 'नंतरचा' एवढं विचारलं की अर्धं वय सांगून होतं, पण उत्तर द्यायला फार थोडे उरलेले असतात.

---

खारेवारे

वाचून अंगावर काटा आला. याला जोडून देवमाशांचं सांगतो, मी सागरी जीवांबद्दल वाचत असतो. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरचे इन्युपियाक शिकारी सांगायचे की बोहेड देवमासा माणसाची दोन आयुष्यं जगतो. शास्त्रज्ञांना ते पटत नव्हतं. मग या माशांच्या अंगात रुतलेली जुनी भाल्याची टोकं सापडू लागली. २००७ मध्ये मारलेल्या एका माशात १८८० च्या आसपास बनवलेल्या स्फोटक भाल्याचा तुकडा निघाला. १९९९ च्या एका अभ्यासात डोळ्याच्या भिंगातल्या रसायनावरून एका नराचं वय दोनशेच्या वर निघालं. 'दोन आयुष्यं' हे माप शेवटी खरं ठरलं.

---

जुनीपाटी

सगळीकडे एक हिवाळा म्हणजे एक वर्ष असंच होतं का? सायबेरियाकडे काही वेगळं?

---

ध्रुवमत्स्य

ग्रीनलँडमध्ये आजही वय विचारताना किती हिवाळे असंच विचारतात. कामचात्कातल्या इतेल्मेन लोकांचं मात्र वेगळं. ते थोडे दक्षिणेला, पण विषयाशी जवळचे. क्राशेनिन्निकोव्ह हा रशियन संशोधक तिथे १७३७ ते १७४१ राहिला, त्याचा ग्रंथ १७५५ चा. त्याच्या नोंदीनुसार त्यांची दोन वर्षं असत, एक हिवाळ्याचं नोव्हेंबरपासून, एक उन्हाळ्याचं मेपासून. आपल्या एका वर्षात त्यांची दोन. यामुळे परक्याने कुणाला वय विचारून आकडा लिहिला तर त्यातून काय अर्थ काढायचा, हा प्रश्नच आहे. याकुतियातल्या साखा लोकांचं नवं वर्ष तर जूनमध्ये, इसिआख सणाला, उन्हाळा भरात असताना.

---

गणितवेडा

शेवटचा प्रश्न. इन्युइटांचा हा महिन्यांचा क्रम सगळीकडे एकच होता का? कारण तुमचं सगळं सूर्याच्या परतण्यावर उभं आहे.

---

ध्रुवमत्स्य

नाही, आणि असूही शकत नाही. लाब्राडोरचं नेन साडेछप्पन अंशांवर आहे, तिथे सूर्य रोज उगवतो, त्यामुळे सूर्य नसलेला महिना तिथे संभवतच नाही. ग्रीनलँडमधलं कानाक साडेसत्याहत्तर अंशांवर, तिथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत अंधार. इग्लूलिकची यादी तिकडे नेली तर सूर्य परतायचा महिनाच महिनाभर पुढे जाईल. बोआसनेही नोंदवलंय की नावं टोळीनुसार आणि अक्षांशानुसार बरीच बदलतात. मी दिलेली यादी फक्त इग्लूलिकची समजा.

अलास्काच्या बाजूला एडवर्ड नेल्सन हा अमेरिकन निसर्गअभ्यासक १८७७ ते १८८१ सेंट मायकेलला होता, त्याने तिथल्या तेरा चंद्रांच्या नोंदी घेतल्या आहेत. त्या सवडीने वाचून याच धाग्यावर टाकतो. ट्रोम्सोकर, तुम्हाला जमलं तर मादी रेनडिअरची नावं सविस्तर लिहा, भाकड आणि व्यालेली यांच्या मधल्या पायऱ्या वाचायला आवडतील.